पणजोबा नक्की कधी गेले? साध्या माणसाचा कागदोपत्री माग कसा काढायचा

आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ठरलेलं होतं, पणजोबा रँडच्या प्लेगात गेले. कुणीही विचारलं की हेच. मग एकदा आजोबांचा शाळेचा दाखला हातात आला आणि त्यावर जन्मसाल १९११. रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या त्या २२ जून १८९७ ला, म्हणजे पणजोबा त्या प्लेगात गेले असतील तर त्यांना चौदा वर्षांनी मुलगा कसा झाला? घरात दोन इंजिनियर, एक आत्या गणिताची शिक्षिका, आणि साठ-सत्तर वर्षांत ही वजाबाकी कुणी केली नव्हती. मीही नाही.

तिथून मी या नादाला लागलो. खालचं सगळं त्या शोधात धक्के खाऊन कळलेलं आहे. पणजोबा म्हणजे काही सरदार-बिरदार नव्हेत, पुरंदर तालुक्यातल्या एका गावचे, थोडी कोरडवाहू जमीन, मग खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. अशा माणसाच्या नावाची फाईल कुठल्याच ऑफिसात नसते. त्याचं नाव कागदावर येतं ते दुसऱ्या कुणाला तरी ते लिहून ठेवायची गरज पडली म्हणून: मूल झालं, मुलाला शाळेत घातलं, कर्ज काढलं, गहाण टाकलं, तीर्थाला गेला, मेला आणि सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली. म्हणून नाव शोधत बसू नका, प्रसंग शोधा. प्रत्येक प्रसंगाला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे तेव्हा कुणी आणि कशासाठी लिहिलं असेल? उत्तर आलं की ऑफिस आपोआप कळतं.

आधी घर, आणि घरात आधी म्हातारी माणसं

ऑफिस पळून जात नाही, आत्या मात्र ब्याऐंशीची आहे. तेव्हा पहिले दोन रविवार नातेवाइकांकडे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा (विचारून लावा, नाहीतर नंतर भांडणं होतात) आणि "पणजोबांबद्दल सांगा" असं मोघम विचारू नका, त्यावर "फार कडक होते" यापलीकडे काही निघत नाही. विचारायचं असं: त्यांचं श्राद्ध कोणत्या तिथीला करायचे? कुलदैवत कोणतं, देवक कोणतं? पणजीचं माहेर कुठलं? गावाला जाताना कुठे उतरायचे? शेत कुठल्या बाजूला, त्याला काय म्हणायचे? शेताचं नाव फार कामाचं असतं. आमच्या आत्याला सर्वे नंबर माहीत असायचं कारणच नव्हतं, पण "चिंचेची पट्टी" हे नाव तिला पाठ होतं आणि गावात गेल्यावर भावकीतल्या एका काकांनी त्या नावावरून थेट बांध दाखवला.

मग कागद. ट्रंक, देवघराखालचा कप्पा, जुन्या पंचांगांची समासं (मुलांचे जन्म तिथंच टिपलेले असतात), जन्मपत्रिका, भाडेपावत्या, रेशनकार्डं, पोस्टकार्डं. पोस्टकार्डावर मजकुरापेक्षा शिक्का आधी बघा, तारीख आणि गाव दोन्ही मिळतं. पत्रिकेत शक, तिथी, वार, आई-बापाचं नाव असतं, कधी आजोबांचंही.

पुण्यातल्या घरांत इथं एक ठरलेलं उत्तर मिळतं, "ते सगळं पानशेतात गेलं". १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या हजारो घरांत पाणी शिरलं हे खरंच आहे, आमचेही कागद गेले. पण मला असं दिसलंय की निम्म्या घरांत जे सापडत नाही ते पानशेतच्या नावावर खपवतात. आमच्याकडे "पुरात गेलेलं" एक गहाणखत धाकट्या काकांच्या माळ्यावर सुखरूप निघालं, साडीच्या खोक्यात. तेव्हा पानशेत ऐकून थांबू नका, चुलत घरांत विचारा. वाटण्या झाल्या की कागद थोरल्याकडे जातात आणि थोरल्याच्या सुनेला ते काय आहेत हे ठाऊक नसतं.

जे मिळेल त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पाठीमागं कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतंच. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. सेलोटेपही नको. लॅमिनेशन नंतर निघत नाही आणि आतला कागद खराब होत जातो. साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सुटे ठेवा, कसर लागू नये म्हणून अधूनमधून उघडून बघा, एवढं पुरे.

एक शंभर पानी वही करा. प्रत्येक नोंदीला चारच गोष्टी: काय कळलं, कुठून कळलं, कधी कळलं, आणि ही ऐकीव आहे की कागदावरची. हा शेवटचा रकाना मी पहिलं वर्षभर ठेवला नव्हता आणि त्याचा फार त्रास झाला, कारण मग मलाच आठवेना की अमुक गोष्ट आत्यानं सांगितली का मी तहसीलला वाचली.

तिथीवरून तारीख

आपल्याकडं साल विसरतात पण तिथी विसरत नाहीत, कारण दरवर्षी श्राद्ध घालायचं असतं. आणि महिना विसरला तरी पितृपंधरवड्यात कुठल्या दिवशी पक्ष घालायचा ते घरात माहीत असतं, म्हणजे मृत्यूची निदान तिथी हाताशी असते. आमच्याकडे तर आणखी सोपं होतं, आत्या म्हणाली, "दसऱ्याचं सोनं लुटलं आणि दुसऱ्या दिवशी गेले असं आजी सांगायची." म्हणजे आश्विन शुद्ध एकादशी. आता फक्त साल हवं.

शकावरून इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९. शके १८४० चा दसरा म्हणजे १९१८ चा दसरा. महसुली कागदात फसली सन येतो, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष, आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे (वर्ष जूनच्या सुमाराला बदलतं, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला ५९१). नेटवर पंचांगाच्या वेबसाइट्स आहेत, शंभर वर्षांपूर्वीची तिथीही देतात, पण सेटिंगमध्ये अमांत (अमावास्येला संपणारा) महिना आहे ना हे बघा. उत्तरेकडं पौर्णिमांत (पौर्णिमेला संपणारा) चालतो, तिथं आपला आश्विन वद्य हा कार्तिकात जातो आणि तुम्ही सरळ एक महिना चुकता. शुद्ध पक्षाला हा घोळ नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर

माझ्या मते पुण्यातल्या माणसासाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद हाच. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांना माहीत असतो, पण तो ज्यावरून काढतात ते जनरल रजिस्टर म्हणजे खरा खजिना. तिथल्या उताऱ्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात, त्याच शब्दात अर्ज करा, म्हणजे क्लार्कला लगेच कळतं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी दाखल, कधी सोडली, का सोडली. काही जुन्या रजिस्टरांत पालकाचा धंदाही असतो.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. तुमच्या घरातही १ जूनला जन्मलेली तीन-चार माणसं असतील, सगळ्या महाराष्ट्रातच आहेत. शाळेत घालताना गुरुजींनी मूल सहा वर्षांचं दिसतंय म्हणून जूनची पहिली तारीख टाकायची, विषय संपला. साल एखाद-दोन वर्षांनी मागेपुढे धरा.

आजोबांची शाळा खडकी भागातली. पहिल्या खेपेला तिथं सांगितलं, एवढं जुनं रजिस्टर नाही, वाळवीनं खाल्लं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला सुट्टीत गेलो, शिपाईमामा निवांत होते, त्यांनी कपाटावरचा गठ्ठा खाली काढला आणि त्यातच ते होतं, कडेला थोडं कुरतडलेलं, पण होतं. १९१७ साली दाखल, पालकाचा धंदा "कारखाना, खडकी". आणि शाळा सोडल्याचं कारण: गावी गेला. सोडल्याची तारीख १९१८ च्या डिसेंबरातली.

तर बघा, एका ओळीत काय काय मिळालं. १९१७ ला बाप जिवंत आहे आणि कामावर आहे. १९१८ च्या शेवटी सात वर्षांचं पोर शाळा सोडून गावी जातंय. मधे दसरा आहे.

जन्म-मृत्यूची नोंद, आणि नमुना १४

जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या नोंदी नव्हत्या असं नाही, फक्त त्या वेगळ्या ठिकाणी असतात. शहरात नगरपालिकेच्या रजिस्टरांत (पुण्याची नगरपालिका १८५७ ची, महापालिका झाली १९५० ला), त्यासाठी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोध घ्यायला अर्ज करायचा. साल नक्की माहीत नसेल तर मागचीपुढची वर्षं धरून शोध मागता येतो, पण दहा-दहा वर्षांचा पट्टा दिलात तर कुणीही कंटाळेल, म्हणूनच आधी तिथी आणि शाळा म्हटलं.

खेड्यात गाव नमुना १४. बोलताना सगळे कोतवाल बुक म्हणतात. पाटील-कुलकर्ण्यांच्या काळापासून गावातले जन्म-मृत्यू यात लिहायचे आणि ही जुनी पुस्तकं आता बहुतेक तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असतात. तिथं गेलात की दिसेल, आलेले बहुतेक लोक जात पडताळणीसाठी आलेले असतात, कारण जुन्या नोंदीत जात लिहिलेली असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हापासून या पुस्तकांना एकदम भाव आला, बरीचशी स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तालुका-गावनिहाय पानं टाकली गेली. तुमचा जातीच्या दाखल्याशी काही संबंध नसला तरी ती पानं आधी घरबसल्या बघा, नशीब असेल तर एक चक्कर वाचते.

या पुस्तकांच्या खोड्या आहेत. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, बारसं व्हायचं असतं ना, नुसतं "अमक्यास मुलगा झाला". त्यामुळे तीन भाऊ असतील तर कोणता मुलगा हे तुम्हाला वयाच्या क्रमानं ताडून बघावं लागतं. आडनावही कित्येकदा नसतं, नाव, बापाचं नाव आणि जात एवढ्यावर काम. आणि मृत्यूचं कारण म्हणजे देवी, पटकी, हगवण, प्लेग, ताप अशी ठोकळ वर्गवारी. पणजोबांच्या नोंदीत "ताप" आहे. त्या पानावर आणि पुढच्या पानावर खाली सरळ ताप, ताप, ताप, एकेका घरातली दोन-दोन माणसं, मधे एक बाळंतीण. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची जी मोठी लाट आली तीच ही. पाटलाला त्या रोगाचं नाव माहीत नव्हतं, त्यानं ताप लिहिला. पणजोबा खडकीहून आजारी होऊन गावी आले असावेत आणि दोन-चार दिवसांत संपले असावेत, हा माझा अंदाज, वहीत "अंदाज" म्हणूनच लिहिलाय. घरात नंतर साथ म्हटलं की प्लेग आणि प्लेग म्हटलं की रँड, अशी गोष्ट सरकत गेली असणार.

जमीन: इथं वेळ द्या

जमीन विकली असली, गेली असली, कुळाकडे राहिली असली तरी सांगतो, हाच भाग सगळ्यात जास्त बोलतो. कारण माणूस मेला तर दोन दिवस रडतात आणि गप्प होतात, पण जमीन कुणाच्या नावावर हे सरकारला सारा घ्यायचा असतो म्हणून लिहावंच लागतं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यावरून आणि उलटं मागं जायचं. सात म्हणजे मालकी-हक्काचा नमुना, बारा म्हणजे पिकांचा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंस केलेली नावं दिसतील, ती गेलेली किंवा कमी झालेली माणसं, आणि शेजारी वर्तुळात आकडे. ते वर्तुळातले आकडे म्हणजे फेरफार नंबर. नवशिके नावं वाचतात आणि आकडे सोडून देतात, उलट करा, सगळे आकडे उतरवून घ्या आणि त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, त्यात बदल का झाला ते वाक्यात लिहिलेलं असतं. खरेदी, गहाण, वाटप, दत्तक, मयत. वारसांची वेगळी वही असते, ६ क, तीही विचारा. इलाख्यात हक्कनोंदीचं हे काम १९०३ च्या कायद्यानं सुरू झालं, म्हणजे साधारण शंभर-एकशेदहा वर्षं मागं हा धागा बऱ्याच गावांत जातो.

मधे एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण पडतात. १९४७ चा तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा आला, मग गावोगाव एकत्रीकरण झालं आणि सर्वे नंबरचे गट नंबर झाले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन १९३० चं रेकॉर्ड मागितलंत तर भलत्याच माणसाची जमीन हातात येईल. मी आलो होतो घेऊन, दोन महिने दुसऱ्याच घराण्याचे वारस लिहीत बसलो होतो! गटाचा जुना सर्वे नंबर कोणता हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून कळतं, ऑफिसात त्याला नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात, तो भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसला मिळतो, म्हणजे लोक ज्याला मोजणी ऑफिस म्हणतात ते. तिथंच आकारफोड पत्रकं, टिपण, जुने नकाशे. सर्वे नंबर मिळाला की सातबाऱ्याच्या आधीचं कडईपत्रक आणि जुनी हक्कनोंद मागायची.

पुणे जिल्ह्याच्या लोकांसाठी एक आनंदाची गोष्ट अशी की मुंबई इलाख्यातली सर्वे नंबरवाली मोजणीची पद्धत आपल्या इंदापूर तालुक्यातच १८३५-३६ च्या सुमाराला सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी ती बसवली. त्यामुळे काही गावांचं मोजणीचं रेकॉर्ड बरंच मागं जातं.

नावाआधीच्या संक्षेपांवर लक्ष ठेवा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे त्याच्या मागं आणखी भाऊ आहेत जे कागदावर दिसत नाहीत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस लहान आहे. आमचा १९१९ चा फेरफार असा: पणजोबा मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई, पुढं तिचं नाव. एवढंच. पण त्यातून तीन गोष्टी पक्क्या झाल्या, आजोबांना तेव्हा सख्खा भाऊ नव्हता, चुलत्यांनी जमीन दाबली नव्हती (घरात ती पण एक कथा होती, तिच्यावरून दोन पिढ्या बोलत नव्हत्या), आणि पणजीचं नाव. पणजीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला नुसतं "आई" म्हणायचे.

पूर्वज कूळ असतील तर आणखी कागद. १९४८ चा कूळ कायदा, त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना मालक मानलं गेलं आणि मग त्याच कायद्याच्या कलम ३२ ग च्या, म्हणजे कुळाच्या खरेदीच्या, चौकशा झाल्या. त्या चौकशीत जबाब घेतलेले असतात, म्हणजे तुमच्या पणजोबा-आजोबांचं स्वतःचं बोलणं, "मी ही जमीन अमुक सालापासून करतो, माझा बाप करत होता". ३२ म चं (कुळानं जमीन खरेदी केल्याचं) सर्टिफिकेट घरात सापडलं तर त्यावरून चौकशीची फाईल शोधा. वतनदार, बलुतेदार घराण्यांना वतनाचे कागद. महार वतनं आणि इतर कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं खालसा झाली, त्या वेळच्या याद्यांत कुटुंबंच्या कुटुंबं नावानिशी येतात.

काही जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड "आपले अभिलेख" या सरकारी पोर्टलवर स्कॅन करून ठेवलंय, जुने सातबारे आणि फेरफार घरून बघता येतात. आधी तिथं बघा, नसेल तर तहसीलला नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जात "माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी" असं लिहू नका, कुणालाच काही कळत नाही. गाव, सर्वे नंबर, फेरफार नंबर, साल, एवढं लिहा. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण मी तो शेवटी वापरतो, सरळ बोलून जास्त कामं होतात आणि सकाळी अकराला जाण्यापेक्षा दुपारी जेवणानंतर जावं.

मोडी आली की घाबरू नका

विसाव्या शतकातल्या बऱ्याच वर्षांपर्यंत हाताने लिहिलेले कागद मोडीत असतात. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं, तिथं मोडीचे वर्ग होतात, आणि पुण्यात मोडी वाचून देणारे जाणकार विचारलं की मिळतात. सगळी लिपी शिकायला जमलं नाही तरी स्वतःच्या गावाचं नाव, आडनाव आणि आकडे मोडीत कसे दिसतात एवढं शिकून घ्या. तेवढ्यावर पान आपलं आहे का नाही हे कळतं आणि वाचणाऱ्या काकांसमोर चाळीस पानांऐवजी दोन पानं ठेवता येतात.

शब्द थोडे: "बिन" म्हणजे चा मुलगा, तेच काम "वलद" करतो. "कोम" म्हणजे ची बायको. "मौजे" गाव, "उमर" वय. सहीच्या जागी "निशाणी" असते. पुढं अंगठे आले, पण त्याच्या आधी शेतकऱ्याची निशाणी नांगर, अशी चित्रं काढायचे. आमच्या त्या साडीच्या खोक्यातल्या गहाणखतावर एका साक्षीदाराच्या नावापुढं वेडावाकडा नांगर आहे, मी तो फोटो फोनच्या वॉलपेपरला लावलाय, बायको म्हणते आता पुरे.

शहरातलं घर, आणि ज्यांचं घर नव्हतं ते

पेठांत घर असेल तर सिटी सर्वेचं मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड आणि त्यामागची चौकशी नोंदवही. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, बक्षीसपत्र नोंदवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, जुनं हातानेच शोधावं लागतं. पण खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज वाड्यात भाडेकरू होते. त्यांच्यासाठी भाडेपावती, रेशनकार्ड, शाळा, आणि नोकरीचं सर्व्हिस बुक किंवा पेन्शनचा कागद. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, घरात कुणी तिथं असेल तर पेन्शनची जुनी कागदं टाकू नका, त्यावर वारसांची नावं असतात. वाड्याच्या मालकाच्या कोर्टकेसमध्येही भाडेकरूंची यादी लागलेली असते, हे मला एका वकील मित्रानं सांगितलं आणि अगदी खरं निघालं.

उपाध्यांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार. तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात, यजमान आला की त्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं, बरोबर कोण आलं, कशाला आले, आणि लिहिता येत असेल तर यजमानाच्याच हातचं अक्षर. पंचवटीत रामकुंडाशी उभं राहून मूळ गाव, तालुका, आडनाव आणि जात सांगायची, कुठल्या घराकडे तुमचं गाव आहे ते लोकच सांगतात. सध्याचा पत्ता सांगून उपयोग नाही, कोथरूडचे उपाध्ये कुणी नसतात. सण, सिंहस्थ, पितृपंधरवडा सोडून जा. फोटो काढायच्या आधी विचारा आणि दक्षिणा मोकळ्या हाताने द्या, शंभर-दीडशे वर्षं वह्या सांभाळल्यात त्यांनी. हरिद्वारच्या पुष्कळ वह्यांच्या मायक्रोफिल्म झाल्यात आणि फॅमिलीसर्चवर त्या आहेत.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातल्या घरांसाठी हेळवी. बैल घेऊन सुगीच्या दिवसांत दारात येणारे, वंशावळ म्हणून दाखवणारे. गावाकडच्या चुलत्यांना सांगून ठेवा, आले की फोन करा.

जिथं आधी धावू नये

सगळे पहिल्या दिवशी पेशवे दप्तरात जायला निघतात. कौन्सिल हॉलजवळची ती १८९१ ची इमारत, रुमालात बांधलेले हजारो गठ्ठे, मलाही फार ओढ होती. पण १८१८ च्या आधीपर्यंत तुमची साखळी कागदावर पोचलेली नसेल तर तिथं कोणता रुमाल मागणार? गावाचं नाव, परगणा आणि अंदाजे साल हातात आल्यावर जा. तिथं शुहूर सन भेटेल, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, अरबी आकड्यांच्या शब्दांत: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६०-६१, पानिपतचं साल.

जनगणनेत पणजोबा सापडतील ही आशा सोडा, घरोघरची नावांची पानं आपल्याकडे जपलेली नाहीत, उरतात ते आकडे. महायुद्धात कुणी गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर बघा, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव-तालुका असतो. आणि १८८५ च्या पूना गॅझेटियरचे तीन भाग फुकट डाउनलोड होतात, नाव नाही मिळणार पण पणजोबांच्या गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा असलं काही मिळेल.

जुळवताना

एकाच गावात एकाच नावाचे तीन जण असतात, त्यात आजोबाचं नाव नातवाला. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. मी नियम केलाय, नाव, बापाचं नाव, आणि तिसरं काहीतरी (सर्वे नंबर, बायको, धंदा, साक्षीदार), तिन्ही जुळल्याशिवाय वहीत पेनानं लिहायचं नाही, पेन्सिलीनं. साक्षीदार हा फार चांगला तिसरा. तोच साक्षीदार दोन कागदांवर दिसला की समजा भावकीच आहे. कागद आणि घरची गोष्ट यांत भांडण झालं तरी गोष्ट खोडू नका, तारीख टाकून शेजारी लिहा. आमची प्लेगची गोष्ट वहीत अजून आहे.

बायकांचा माग सगळ्यात अवघड, लग्नात आडनाव बदलतं आणि कित्येक घरांत नावही बदलतात. त्यांना शोधायचं तर नवऱ्याच्या कागदांत कमी आणि भावाच्या कागदांत जास्त शोधायचं. माहेरच्या वारसनोंदीत बहिणी सासरच्या नावानं येतात, किंवा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात पडलेल्या असतात, किंवा हक्कसोड पत्रावर अंगठा असतो. पणजीचं माहेर सासवडच्या बाजूचं एवढंच आत्याला आठवतंय. पण गहाणखतावर जो नांगराची निशाणी केलेला साक्षीदार आहे ना, त्याचं गाव सासवडजवळचंच आहे आणि तो आमच्या भावकीतला नाही. भाऊ असेल का? त्या गावचं १८९० ते १९०० चं नमुना १४ बघायला अर्ज तयार आहे, स्टॅम्प लावून ठेवलाय, सोमवारी आत्यालाही घेऊन जातोय, ती ऐकतच नाहीये.